भगवा गुलाबी का होतो? ड्रोनच्या व्हिडिओत रंग बिघडवणाऱ्या या चुका टाळा

खानापूरचा जांभा तांबडा, अथणीकडची जमीन काळी आणि गोकाक-रायबाग-चिकोडीच्या पट्ट्यात वर्षातले कित्येक महिने नुसता हिरवा ऊस. एकाच बेळगाव जिल्ह्यात जमीन इतके रंग दाखवते, आणि ड्रोनचा कॅमेरा वरून बघतो ती मुळात जमीनच. त्यामुळे लग्नाचं शूटिंग असो, जत्रा असो की शेताचा सर्व्हे, आपल्याकडे ड्रोनच्या रंगाची तक्रार हमखास येते. दोष बहुतेक वेळा ड्रोनचा नसतो. उजेडाचा रंग कोणता आणि जमिनीचा कोणता, हे कॅमेऱ्याला आपण सांगितलेलंच नसतं. तो मग आपल्या मनाने ठरवतो.

ऑटोवर भरवसा

व्हाइट बॅलन्स म्हणजे उजेडाचा रंग धरून चित्राचे रंग जुळवणारी सेटिंग. ती ऑटोवर असली की कॅमेरा एक अंदाज बांधतो. समोरच्या चौकटीतले सगळे रंग एकत्र केले तर सरासरी साधारण करडी यायला हवी. ती येत नसेल तर उजेडालाच रंग आहे असं धरून तो उलट्या बाजूला रंग ढकलतो. आताचे ड्रोन याहून हुशार गणित करतात, पण पाया हाच. जमिनीवर उभं राहून शूट करताना चौकटीत आभाळ, भिंत, माणसं, कपडे असं बरंच काही असतं, म्हणून अंदाज बहुधा जमतो. ऐंशी मीटरवर जाऊन गिंबल, म्हणजे कॅमेऱ्याची हलती बैठक, सरळ खाली केला की चौकटीत एकच गोष्ट उरते. जांबोटीच्या वाटेवर ती तांबडी माती असते. कॅमेऱ्याला वाटतं उजेडच तांबडा आहे, तो निळा वाढवतो, माती मळकट तपकिरी होते आणि मंगळुरी कौलांचा सगळा तजेला जातो. उसावर गेलात तर हिरवं फार झालं म्हणून तो जांभळट झाक टाकतो आणि बांधावरची पायवाट गुलाबी दिसायला लागते.

एवढ्यावर भागलं असतं तर एडिटिंगला दुरुस्त करता आलं असतं. खरी डोकेदुखी ही की बदल शॉटच्या मध्येच होतो. ड्रोन घरावरून निघून शेताकडे वळतो आणि त्या चार-पाच सेकंदांत रंग हळूहळू सरकत जातो. असा शॉट सुधारायचा तर एडिटरला ठिकठिकाणी कीफ्रेम (कुठे किती बदल करायचा त्याच्या खुणा) टाकत बसावं लागतं, आणि तरी तो सांधा दिसतोच.

फोटोचं तसं नाही. फोटो रॉमध्ये, म्हणजे डीएनजी फाइलमध्ये काढला असेल तर व्हाइट बॅलन्स घरी येऊन पाहिजे तसा बदलता येतो. व्हिडिओत मात्र तो चित्रातच मुरलेला असतो. म्हणून व्हिडिओसाठी ऑटो बंद करून आकडा स्वतः द्यायचा आणि उड्डाण संपेपर्यंत तो हलवायचा नाही. डीजेआयच्या ॲपमध्ये कॅमेरा प्रो मोडवर नेला की हे दोन टॅपचं काम आहे. आकडा शंभर टक्के बरोबर नसला तरी चालेल. सबंध क्लिपभर सारखा चुकलेला रंग एका स्लायडरने सुधारतो, सरकता रंग सुधारत नाही.

केल्विनचा आकडा उलटा समजणे

उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. जुन्या पिवळ्या बल्बचा उजेड ३००० च्या आसपास, स्टुडिओतला टंगस्टन दिवा ३२००, दुपारचं ऊन साधारण ५५००, सावलीतला उजेड ७००० किंवा त्याच्याही वर. आकडा वाढेल तसा उजेड निळा होत जातो. पण कॅमेऱ्यात आकडा वाढवला की चित्र पिवळं होतं! गोंधळ इथेच उडतो. कॅमेऱ्याला आपण सांगतो, ‘उजेड इतका निळा आहे,’ आणि तो भरपाई म्हणून पिवळा टाकतो. एवढं ध्यानात ठेवलं की ऐन घाईत बोट चुकीच्या दिशेला जात नाही.

दुसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. ३००० वरून ३५०० वर जाणं आणि ६००० वरून ६५०० वर जाणं, दोन्ही पाचशेच. पण डोळ्याला पहिला बदल दुसऱ्याच्या जवळपास पावणेचार पट जाणवतो. म्हणजे दुपारच्या उन्हात दोनशे-तीनशेने चुकलात तर कुणाला कळणारही नाही. रात्री मांडवाच्या दिव्यांत तेवढंच चुकलात तर नवरीचा शालू ओळखू येणार नाही.

सुरुवातीला धरायचे आकडे असे: स्वच्छ उन्हात ५५००, पावसाळी ढगाळ दिवशी ६३०० ते ६८००, सूर्य मावळल्यानंतर मांडवाचे पिवळे दिवे आणि आभाळाची निळाई एकत्र असताना ३८०० ते ४२००. हे शेवटचं तडजोडीचं आहे. त्यात दिवे थोडे पिवळे राहतात, आभाळ निळं राहतं, आणि ते तसंच छान दिसतं.

सूर्यास्ताचा शॉट ‘बरोबर’ करायला जाऊ नका. त्या वेळी सूर्याचा उजेड ३००० च्या जवळ आलेला असतो. कॅमेऱ्यालाही ३००० दिलेत तर येळ्ळूरच्या राजहंसगडावरची सोनेरी संध्याकाळ दुपारसारखी पांढरीफटक होईल. ५२०० ते ५६०० वर ठेवा आणि सोनं सोनंच राहू द्या.

पांढरं म्हणून काहीही धरणे

अंदाजापेक्षा पक्कं काम हवं असेल तर करड्या रंगाचं कार्ड घ्या. ग्रे कार्ड म्हणून मिळतं, महाग नसतं. उड्डाणाआधी त्याचं चार-पाच सेकंदांचं चित्रण करून ठेवलं की घरी एडिटिंगमध्ये ‘हे करडं आहे’ असं सॉफ्टवेअरला दाखवता येतं. आरजीबी परेड, म्हणजे तिन्ही मूळ रंग वेगवेगळे दाखवणारा आलेख, उघडून त्या कार्डावर लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही पट्टे एका उंचीवर आणले की काम झालं. त्यात डोळ्याचा भरवसा नाही, मताचा प्रश्न नाही.

कार्ड नसलं की लोक जे पांढरं दिसेल ते धरतात. कुणी झेरॉक्सचा कागद आणतो. त्या कागदात चकाकी आणणारं रसायन असतं, ते उन्हातली अतिनील किरणं घेऊन निळसर उजेड बाहेर टाकतं, त्यामुळे कागद मुळातच निळा भरतो. कुणी आजोबांच्या धोतराकडे नाहीतर गांधी टोपीकडे बोट दाखवतो. पण ते कपडे निळीतून काढलेले! देवळाच्या चुन्याच्या भिंतीतही बऱ्याचदा नीळ घातलेली असते. असल्या पांढऱ्यावर व्हाइट बॅलन्स लावला की तो निळा काढून टाकण्यासाठी कॅमेरा पिवळा ओततो आणि सगळी वरात हळदीत न्हालेली दिसते.

कार्ड धरण्यातही गफलत होते. ड्रोन बहुधा केशरी लँडिंग पॅडवर ठेवलेला असतो आणि कार्डही तिथेच, पॅडच्या कडेला खाली धरलं जातं. भर उन्हात त्या केशरी कापडावरून उडालेला उजेड कार्डावर पडतो. डोळ्याला कळत नाही, परेडवर मात्र लाल पट्टा वर गेलेला दिसतो. अंगात लाल टी-शर्ट असला तरी तेच. ड्रोन पॅडवर असू दे, गिंबल समोर करा, आणि कार्ड दीड-दोन मीटर लांब, छातीच्या उंचीवर, हात लांब करून धरा. ज्या उन्हात शूटिंग होणार तेच ऊन कार्डावर सरळ पडायला हवं. झाडाच्या सावलीत धरलेलं कार्ड सावलीचा रंग सांगतं. कार्ड जमिनीवर ठेवून वरून टिपायचं ठरवलंत तर चार कोपऱ्यांवर दगड ठेवा, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने ते शेजारच्या शेतात जाऊन पडतं.

भगवा, भंडारा आणि गुलाल

सर्वांत जास्त ओरड इथे होते. शिवजयंतीच्या मिरवणुकीचा व्हिडिओ पाठवला की मंडळाकडून फोन आलाच म्हणून समजा: “दादा, आमचा भगवा गुलाबी कसा काय ओ झाला?” मग एडिटर सॅच्युरेशन वाढवतो आणि भगवा आणखीच विचित्र होतो. कारण न बघता औषध दिलं की असं होतं. भगवा तीन तऱ्हांनी बिघडतो आणि तिन्हींची कारणं वेगळी.

भगवा गुलाबी दिसला तर व्हाइट बॅलन्स चुकलाय. केशरी रंगात लाल भरपूर, हिरवा मध्यम आणि निळा अगदी थोडा असतो. चित्रात निळा किंवा जांभळट झाक शिरली की तो लगेच गुलाबीकडे झुकतो. असं झालं की आधी केल्विन बघा. ते ठीक असेल तर टिंट बघा. केल्विन फक्त निळ्या-पिवळ्याचा हिशोब करतो. हिरवा आणि जांभळट यांचा हिशोब करणारी वेगळी सेटिंग म्हणजे टिंट. बऱ्याच लहान ड्रोनच्या ॲपमध्ये फक्त केल्विन असतो, टिंट एडिटिंगमध्येच सुधारावा लागतो.

भगवा पिवळा पडला असेल तर मात्र व्हाइट बॅलन्सला हात लावू नका. तो एक्स्पोजरचा, म्हणजे कॅमेऱ्याने किती उजेड घेतला त्याचा दोष आहे. उजेड जास्त घेतला की लाल आधीच वर टेकतो आणि त्याच्यापुढे जाऊ शकत नाही. हिरवा मागून चढतच राहतो. लाल आणि हिरवा जवळ आले की डोळ्याला पिवळं दिसतं. झेंड्याच्या सुरकुत्या गेल्या, नुसता सपाट पिवळा तुकडा उरला, तर एक्स्पोजर जास्त झालं हे नक्की. गेलेला लाल एडिटिंगमध्ये परत येत नाही. ड्रोनवरचा हिस्टोग्राम बहुधा एकूण उजेड दाखवतो, एकटा लाल कधी टेकला ते त्यात दिसत नाही. म्हणून झेंडे, गुलाल, भंडारा असेल तिथे एक्स्पोजर नेहमीपेक्षा ०.७ स्टॉपने खाली ठेवणं बरं (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत भंडाऱ्याने हवाच पिवळी झालेली असते. तिथे तर पूर्ण एक स्टॉप खाली गेलात तरी चालेल. अंधारलेलं चित्र वर उचलता येतं.

आणि भगवा गडद, शेंदरी-लाल झाला असेल तर बहुधा चुकीची लट (LUT, म्हणजे रंग बदलण्याचा तयार तक्ता) लावलीय किंवा सॅच्युरेशन दोनदा चढलंय, एकदा ड्रोनमध्येच आणि एकदा संगणकावर.

कन्नड लाल-पिवळ्या झेंड्याचंही असंच. उजेड जास्त झाला की पिवळा पांढरा पडतो आणि लाल नारिंगी होतो. आपल्याकडे झेंड्यांवरून वाद व्हायला तसाही वेळ लागत नाही. निदान कॅमेऱ्यामुळे तरी तो होऊ नये.

जाता जाता एक सांगतो. गर्दीच्या डोक्यावर ड्रोन नेऊच नका, कडेने तिरका शॉट घ्या. रंगासाठीही तेच बरं, कारण चौकटीत थोडं आभाळ आणि थोड्या भिंती येतात. आणि बेळगाव शहराजवळ सांबऱ्याचा विमानतळ आहे, लष्कराचे भाग आहेत. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाचा नकाशा उघडून झोन बघणं चुकवू नका.

गोकाकचं पाणी पांढरं करणे

पावसाळ्यात गोकाकला घटप्रभा तांबूस-तपकिरी होऊन कोसळते. मनात चित्र मात्र दुधासारख्या शुभ्र धबधब्याचं असतं. मग एडिटर आयड्रॉपर घेऊन पाण्यावर क्लिक करतो: हे पांढरं आहे. सॉफ्टवेअर आज्ञाधारक, ते पाण्यातला तांबूसपणा काढून टाकतं आणि त्याच हिशोबाने वालुकाश्माचा कडा निळा होतो, झुलत्या पुलावरची माणसं फिक्कट पडतात. पाणी गढूळ असेल तर गढूळच दिसू द्यावं. पांढरा धबधबा हवा असेल तर पाऊस ओसरल्यावर, पाणी निवळल्यावर जावं. धारही तेव्हा पातळ झालेली असते, एवढं मात्र सोसावं लागतं.

धुकं आणि धूर

उंचीवरून लांबचं टिपताना मधल्या हवेमुळे डोंगर निळे दिसतात. ते खरंच तसे दिसतात, त्यात चूक काही नाही. चूक होते ती सबंध चित्राचा केल्विन वाढवून निळं घालवण्यात: लांबचे डोंगर ठीक होतात आणि जवळची घरं पिवळी पडतात. दुरुस्ती चित्राच्या वरच्या भागापुरतीच करा, खाली उतरताना ती हळूहळू विरू द्या. धुकं कमी करणारं डीहेझ थोडंच वापरा. ते धुक्याबरोबर सावल्यांतलाही रंग भडक करतं. ऊसतोडणीच्या दिवसांत पाला पेटवल्याचा धूर हवेत असतो. तो निळा नसून पिवळट-तपकिरी असतो, त्यामुळे त्याला डीहेझचा उतारा लागू पडत नाही. शक्य असेल तर वेळ बदला.

एनडी फिल्टर लावून विसरणे

सेकंदाला २५ फ्रेम घेताना शटर १/५० ठेवायचं तर आपल्या उन्हात एनडी, म्हणजे उजेड कमी करणाऱ्या गडद काचेच्या फिल्टरशिवाय भागत नाही. पण स्वस्तातल्या फिल्टरला स्वतःची झाक असते, कधी तपकिरी, कधी जांभळट, आणि फिल्टर जितका गडद तितकी झाक जास्त. तपासणं सोपं आहे. एकाच उन्हात ग्रे कार्ड एकदा फिल्टरशिवाय आणि एकदा फिल्टर लावून टिपा, परेडवर दोन्ही बघा. थोडा फरक असेल तर एडिटिंगची एक दुरुस्ती करून तीच प्रत्येक वेळी लावायची. जास्तच असेल तर तो फिल्टर बाजूला ठेवा. मध्येच फिल्टर बदलला तर कार्डही पुन्हा टिपायचं. पोलरायझर लावून गोल फिरणारा शॉट तर घेऊच नका, फिरता फिरता आभाळाचा एक भाग गडद आणि एक फिका होत जातो.

रात्रीच्या शूटिंगला शटर १/५० किंवा १/१०० च ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. दुसरं शटर धरलं की एलईडी दिव्यांचे पट्टे फिरताना दिसतात आणि त्यांचा रंगही धडधडतो.

लॉगचा हट्ट

लॉग प्रोफाइलमध्ये शूट केलं की आपोआप सिनेमासारखं दिसतं, हा समज मोडायला हवा. लॉगमध्ये चित्र मुद्दाम फिकं येतं, कारण पुढे रंग बसवायला जागा ठेवलेली असते. ती जागा वापरायला वेळ आणि हात दोन्ही लागतात. सकाळी लग्न आणि संध्याकाळी स्वागत-समारंभाच्या पडद्यावर व्हिडिओ लावायचा असेल तर नॉर्मल प्रोफाइल घ्या, व्हाइट बॅलन्स पक्का करा आणि सुटा.

लॉगमध्येच करायचं असेल तर दोन चुका हमखास होतात. एक, डी-लॉगची लट डी-लॉग एमवर लावणे. माव्हिक ३ मध्ये डी-लॉग आहे, एअर ३ आणि मिनी ४ प्रोमध्ये डी-लॉग एम. नावं सारखी वाटली तरी वळणं वेगळी आहेत. उलटसुलट लावलं की सावल्या बुजतात आणि लाल भडकतो. दुसरी चूक क्रमाची. आधी लट लावून मग व्हाइट बॅलन्स सुधारतात. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये व्हाइट बॅलन्सचा नोड (दुरुस्तीचा टप्पा) लटच्या आधी हवा. लटच्या पलीकडे गेल्यावर रंग आधीच ताणलेले असतात, तिथे पिवळा काढायला गेलात की सावल्या निळ्या पडतात.

जमिनीवरच्या कॅमेऱ्याशी रंग न जुळणे

खाली एका कंपनीचा कॅमेरा, वर दुसऱ्या कंपनीचा ड्रोन. दोन्हीवर ५६०० लावलं तरी रंग सारखा येत नाही, कारण प्रत्येक कंपनीचा रंगाचा हिशोब वेगळा असतो. आकडे जुळवत बसू नका. एकच ग्रे कार्ड एकाच उन्हात दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपा आणि एडिटिंगमध्ये ते कार्ड जुळवा. सोबत नवरदेवाच्या फेट्याचा एक जवळचा शॉट असला तर फारच उत्तम. करडा जुळूनही फेटा वेगळा दिसला तर उरलेला फरक रंगछटेचा आहे, व्हाइट बॅलन्सचा नाही, हे लगेच कळतं.

शेताच्या नकाशात ऑटो

शेतावरून ओळीने फोटो काढून त्यांचा एक मोठा नकाशा जोडायचा असेल तर ऑटो व्हाइट बॅलन्स आणि ऑटो एक्स्पोजर दोन्ही बंद हवेत. नाहीतर प्रत्येक फोटोचा रंग थोडा वेगळा येतो आणि जोडलेला नकाशा ठिगळं लावलेल्या गोधडीसारखा दिसतो. शेतकरी त्यातलं एक पिवळट ठिगळ बघून विचारतो, ‘इथे खत कमी पडलं काय?’ आणि खत तर सगळीकडे सारखंच टाकलेलं असतं. ऊन डोक्यावर असताना, साधारण साडेदहा ते दोनच्या दरम्यान उडवा. ढग येत-जात असतील तर थांबा. पिकाच्या आरोग्याचं मोजमाप करायचं असेल तर साध्या कॅमेऱ्याचा रंग पुरत नाही. त्याला मल्टिस्पेक्ट्रल, म्हणजे डोळ्याला न दिसणारे रंगपट्टेही टिपणारा कॅमेरा लागतो आणि उड्डाणाच्या आधी व नंतर परावर्तन पॅनेलचा फोटो. साध्या फोटोवरून ‘नत्र कमी आहे’ असं ठामपणे सांगणाऱ्यावर पैसे घालवू नका.

स्क्रीनवर विश्वास

भर उन्हात मोबाइलच्या स्क्रीनवर रंग ठरवणं म्हणजे अंदाजपंचे. त्यात डोळ्यांना आराम देणारा पिवळा मोड चालू राहिला असेल तर आपण चित्र निळं करत सुटतो. उड्डाणाआधी तो मोड बंद करा, स्क्रीन ‘व्हिव्हिड’वरून ‘नॅचरल’वर आणा, ब्राइटनेस ऑटोवरून काढा.

व्हिडिओ देतानाही एक घोळ होतो. ड्रोनवर एचएलजी, म्हणजे एचडीआरचा (जास्त झगझगीत चित्राचा) एक प्रकार, चालू असेल तर तुमच्या महागड्या फोनवर व्हिडिओ झगझगीत दिसतो आणि तोच साध्या फोनवर नाहीतर हॉलच्या प्रोजेक्टरवर धुतल्यासारखा फिका पडतो. गावात सगळ्यांकडे एचडीआरचे फोन नाहीत, तेव्हा रेक ७०९ या नेहमीच्या, सगळीकडे चालणाऱ्या रंगमानकातच द्या. आणि व्हॉट्सॲपवर सरळ व्हिडिओ म्हणून टाकू नका. तो दाबला जातो, गुलालाच्या ढगाचे चौकोन होतात आणि रंगाचा दोष तुमच्या माथी येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या.